चुकण्याचा अधिकार कोणाचा?

मानवी चूक टाळावयाची असेल तर माणसालाच बाजूला सारावे, असा विचार आजकाल सर्वत्र सहजपणे मांडला जातो. बँकेतील खतावणी असो, परीक्षेतील उत्तरपत्रिका असो की कार्यालयातील हजेरी असो. माणूस चुकतो तेथे यंत्र बसविले की प्रश्न मिटला, अशी ही समजूत आहे. तिच्यासमोर तितकीच जुनी दुसरी समजूत उभी असते. यंत्राला विवेक नाही, डोळ्यांत पाणी नाही, तेव्हा निर्णय माणसानेच करावा, असे तिचे म्हणणे. या दोन्ही समजुती घासून पाहण्यास एक क्षेत्र फार सोयीचे आहे. ते आपल्या परिचयाचे नाही आणि प्रथमदर्शनी थोडे थिल्लरही वाटेल. परंतु गेली साठ वर्षे तेथे या एकाच प्रश्नाचा कीस पाडला गेला आहे. हे क्षेत्र म्हणजे अमेरिकेतील ‘ड्रॅग रेसिंग’ हा मोटारशर्यतीचा प्रकार.

या शर्यतीत दोनच मोटारी असतात आणि मार्गाला एकही वळण नसते. उभ्या जागेवरून निघावयाचे आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे अंतर प्रतिस्पर्ध्याच्या आधी कापावयाचे, एवढाच हा खेळ. ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत वेगवान गटातील मोटारी मात्र २००८ सालापासून एक हजार फूटच धावतात. त्या वर्षी न्यू जर्सी राज्यातील इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा या चालकाचा अपघातात अंत झाला आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. हे हजार फूट अशी मोटार चार सेकंदांच्या आत पार करते. अखेरच्या रेषेवर तिचा वेग ताशी ५३० किलोमीटरच्या घरात असतो. या वेगाने एका सेकंदाच्या सहस्रांश भागात मोटार सुमारे १५ सेंटिमीटर पुढे जाते. शर्यतीचा निकाल अनेकदा अशा दोन-चार सहस्रांशांवर ठरतो. तेव्हा शर्यत सुटण्याचा क्षण कोणी ठरवावयाचा, आणि त्या क्षणाआधी कोणी निघाले की काय हे कोणी सांगावयाचे, हा या खेळातील न्यायाचा मूळ प्रश्न आहे.

झेंड्याचे दिवस

या खेळाला शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. त्या काळी शर्यत सोडण्याचे काम एक माणूस करीत असे. दोन मोटारींच्या मधोमध, थोडा पुढे, हातात झेंडा घेऊन तो उभा राही. दोन्ही चालक सिद्ध आहेत असे वाटले की तो झेंडा उंचावी आणि मोटारी त्याच्या दोन्ही बाजूंनी सुटत.

या पद्धतीत अनेक दोष होते. झेंडा हलण्याआधी झेंडेवाल्याचा खांदा हलतो, मनगट आवळले जाते. मुरलेले चालक झेंड्याकडे पाहतच नसत. ते त्याच्या खांद्याकडे पाहत. म्हणजे जो चालक झेंडेवाल्याच्या सवयी अधिक ओळखून असे, त्याचा फायदा होई. नवख्या चालकाला हा लाभ नव्हता. शिवाय आगाऊ कोण निघाले हे त्या एका माणसानेच, डोळ्यांनी, दोन दिशांना एकाच वेळी पाहून ठरवावयाचे! मानवी डोळ्याची शक्ती विचारात घेता हे जवळजवळ अशक्य होते. त्याची नियत कितीही शुद्ध असली तरी हरलेल्याच्या मनातील संशय दूर करण्याचे कोणतेही साधन त्याच्याजवळ नव्हते. आणि तो स्वतः दोन सुसाट मोटारींच्या मध्ये जीव धोक्यात घालून उभा असे, हे वेगळेच.

दिव्यांचे झाड

या अडचणीवर १९६३ साली उपाय निघाला. इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय स्पर्धेत दोन मार्गांच्या मध्ये दिव्यांचा एक उभा खांब दिसू लागला. रंगीत दिव्यांमुळे त्याला ‘ख्रिसमस ट्री’ असे नाव पडले आणि ते आजतागायत टिकून आहे. सुरुवातीस अनेक चालकांना हे झाड रुचले नाही. झेंडेवाल्याच्या खांद्याचा अभ्यास करण्यात ज्यांनी वर्षे घालविली होती, त्यांची विद्या एका दिवसात निरुपयोगी झाली होती. यंत्राला प्रथम विरोध होतो तो पुष्कळदा अशा अंगवळणी पडलेल्या विद्येकडूनच होतो.

या झाडाची रचना समजून घेण्यासारखी आहे. आरंभरेषेवर जमिनीलगत प्रकाशाचे दोन किरण आडवे सोडलेले असतात; त्यांच्यात सुमारे १८ सेंटिमीटरचे अंतर असते. मोटारीच्या पुढच्या चाकाने पहिला किरण अडविला की ‘जवळ आलास’ अशी सूचना देणारा दिवा लागतो. दुसरा अडविला की ‘जागेवर आलास’ असे सांगणारा. दोन्ही मोटारी जागेवर आल्या की पिवळे दिवे लागतात आणि त्यांच्यामागून हिरवा. मूळच्या खांबावर प्रत्येक बाजूस पाच पिवळे दिवे होते व ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागत. पुढे ते तीन झाले. व्यावसायिक गटांत मात्र तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात आणि त्यानंतर बरोबर ०.४ सेकंदाने हिरवा लागतो. हिरवा लागण्याआधी चाकाने किरण सोडला तर तांबडा दिवा लागतो आणि त्या चालकाची शर्यत तेथेच संपते.

येथे एक गंमत आहे. हिरवा दिवा पाहून जो निघतो, तो या खेळात बहुधा हरतो. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने जाणणे, पायाने कृती करणे आणि त्यानंतर मोटारीचे चाक प्रत्यक्ष हलणे, या सर्वांना वेळ लागतो. म्हणून चालक पिवळ्या दिव्यावरच निघतो आणि चाक किरणाबाहेर पडेपर्यंत हिरवा लागलेला असेल असा हिशेब करतो. हा हिशेब काटेकोर जमला तर त्याचा प्रतिक्रियाकाल शून्य येतो. एका सहस्रांशाने चुकला तर तांबडा दिवा!

प्रतिक्रियेला लागलेला वेळ आणि अंतर कापण्यास लागलेला वेळ येथे निरनिराळे मोजले जातात. समजा, एका चालकाचा प्रतिक्रियाकाल ०.०५० सेकंद आहे आणि त्याच्या मोटारीने अंतर ३.७५० सेकंदांत कापले. दुसऱ्याचा प्रतिक्रियाकाल ०.०९० आणि अंतर ३.७२० सेकंदांत. दुसऱ्याची मोटार अधिक वेगवान ठरली. पण बेरीज केली तर पहिला ३.८०० आणि दुसरा ३.८१०. शर्यत पहिल्याने जिंकली. यंत्राच्या या खेळात माणसाच्या चपळाईला एवढे मोल राहिले, ते या झाडामुळेच.

बटणावरचे बोट

झाड आले, पण माणूस गेला नाही. दोन्ही मोटारी जागेवर आल्या की दिव्यांची साखळी सुरू करण्याचे बटण स्टार्टरच्या हातात होते. बस्टर काउच या गृहस्थांनी अनेक दशके मुख्य स्टार्टर म्हणून हे काम केले आणि त्यांचे नाव या खेळात आजही आदराने घेतले जाते. तथापि कोणत्याही माणसाच्या हाताला एक लय असते. एक जण लवकर बटण दाबतो, दुसरा थोडा थांबतो, तिसरा दिवस कलल्यावर अधीर होतो. पूर्वी चालक खांद्याचा अभ्यास करीत. आता ते बटणावरच्या बोटाचा करू लागले. शिवाय एक मोटार जागेवर येऊन ताटकळत आहे आणि दुसरा चालक मुद्दाम वेळ काढीत आहे, अशा वेळी किती थांबावयाचे हेही स्टार्टरच ठरवी. त्याने कितीही प्रामाणिकपणे ठरविले तरी एका बाजूला ते पक्षपाती वाटणारच.

म्हणून पुढे संगणकाच्या साह्याने ही साखळी आपोआप सुरू होण्याची व्यवस्था आली. पहिली मोटार जागेवर येताच दुसरीसाठी ठराविक सेकंदांची मुदत सुरू होते. दोघे जागेवर स्थिरावले की थोडा वेळ जातो आणि मग दिवे लागतात. परंतु हा थोडा वेळ दर खेपेस किंचित वेगळा असतो, म्हणजे कोणालाही त्याचा अंदाज बांधता येऊ नये. माणसाच्या लहरीला पर्याय म्हणून यंत्रात मुद्दाम अनिश्चितता भरावी लागली. फरक एवढाच की या अनिश्चिततेला कोणाचा चेहरा ओळखता येत नाही.

मग स्टार्टर आज तेथे काय करतो? तो आजही रेषेजवळ उभा असतो. मोटारीखालून तेल ठिबकत आहे काय, एखादा भाग सैल झाला आहे काय, प्रेक्षक वा मदतनीस नको तेथे आला आहे काय, हे तो पाहतो. आणि शंका येताच इंजिन बंद करण्याची खूण करतो. प्रकाशकिरणाला फक्त चाक दिसते, तेल दिसत नाही. शर्यत केव्हा सोडावी हे यंत्राकडे गेले. ती सोडावी की नाही, हे माणसाकडे राहिले. अनेक वर्षांच्या अनुभवातून झालेली ही वाटणी मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

यंत्राच्या पोटातील माणूस

एवढ्यावरून यंत्र आले आणि अन्याय संपला असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. यंत्र जो नियम पाळते तो माणसानेच लिहिलेला असतो आणि त्या नियमात चूक असेल तर यंत्र ती चूक न थकता, न चुकता करीत राहते.

याचे एक उत्तम उदाहरण या खेळातच सापडते. असमान वेगाच्या मोटारींची शर्यत लावताना संथ मोटारीला काही सेकंद आधी सोडतात. तिच्या बाजूचे दिवे आधी लागतात. वेगवान मोटारीचे नंतर. आता संथ मोटारीचा चालक एका सहस्रांशाने आगाऊ निघाला तर तांबडा दिवा लागून तो तत्काळ बाद होई. त्यानंतर दुसरा चालक त्याच्या कितीतरी पट आगाऊ निघाला तरी तोच विजयी! कारण यंत्राला ‘पहिला गुन्हेगार शोध’ एवढेच सांगितलेले होते. जो आधी सुटणार होता त्यालाच आधी चुकण्याची पाळी येत होती. कोणाचाही पक्षपात न करणारे हे यंत्र एका बाजूच्या चालकांवर वर्षानुवर्षे अन्याय करीत राहिले, आणि यात कोणाही पंचाचा दोष नव्हता. अलीकडच्या वर्षांत दोन्ही मोटारी निघेपर्यंत निर्णय राखून ठेवून, ज्याची चूक मोठी त्याला बाद ठरविणारी व्यवस्था आली. ती आली ती माणसांनी तक्रार केली म्हणून. यंत्राला आपली चूक कळली म्हणून नव्हे.

दिव्यांचीही अशीच कथा. जुन्या दिव्यातील तार तापून उजळण्यास सेकंदाचा काही शतांश भाग लागतो आणि दोन दिवे अगदी एकाच वेगाने उजळतील याची खात्री नसते. नंतर आलेले एल.ई.डी. दिवे तत्क्षणी लागतात. म्हणजे ज्याला आपण निःपक्षपाती प्रकाश म्हणत होतो, त्याच्याही अंगात थोडा आळस होता. यंत्राची अचूकता ही निसर्गदत्त वस्तू नव्हे. तिच्यामागे कोणीतरी केलेली निवड असते, आणि निवड म्हटली की तिची झडती घेता आली पाहिजे.

अन्य मैदानांवरचे दाखले

हा अनुभव एकट्या ड्रॅग रेसिंगचा नाही. ३ एप्रिल १९९३ रोजी इंग्लंडमधील एन्ट्री येथे ‘ग्रँड नॅशनल’ ही घोड्यांची प्रसिद्ध शर्यत सुटत असताना आरंभरेषेवरची दोरी एका स्वाराभोवती अडकली. स्टार्टरने शर्यत परत बोलाविली, पण त्याच्या हातातील झेंडा उलगडलाच नाही आणि पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडूनही इशारा पोहोचला नाही. ३९ पैकी ३० स्वार निघून गेले. सात जणांनी संपूर्ण अंतर पार केले; ‘ईशा नेस’ हा घोडा पहिला आला; आणि शर्यतच रद्द ठरली. दोरी हे साधे यंत्र, ते बिघडले. ते बिघडल्यास सावरावे म्हणून नेमलेला माणूसही सावरू शकला नाही. संकटाच्या वेळी माणूस आहे, एवढे म्हणणे पुरत नाही. त्याच्या हाती उपयोगी पडेल असे साधन असावे लागते, असा याचा अर्थ.

आता दुसरी बाजू पाहा. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाचा आवाज झाल्यापासून ०.१०० सेकंदाच्या आत जो पायाने रेटा देतो, तो आवाज ऐकण्यापूर्वीच निघाला असे मानले जाते. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत डेव्हन ॲलन या धावपटूची प्रतिक्रिया ०.०९९ सेकंद नोंदली गेली आणि तो बाद झाला. एका सहस्रांशाचा हा अपराध त्याच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर घडला. यंत्राने मोजमाप चुकविले असे म्हणावयाचे कारण नाही. प्रश्न असा, की माणसाचे शरीर ०.१०० च्या आत प्रतिक्रिया देऊच शकत नाही, हे कोणी ठरविले? २००९ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेसाठी झालेल्या एका अभ्यासात ही मर्यादा खाली आणावी असे सुचविण्यात आले होते. मर्यादा तशीच राहिली. शिक्षा यंत्राने दिली असे दिसते. पण कायदा एका बैठकीच्या टेबलावर तयार झाला होता.

तिसरा दाखला फॉर्म्युला वन शर्यतींचा आहे आणि तो शर्यतीच्या आरंभाचा नसून अखेरचा आहे. जून २०१८ मध्ये कॅनडातील शर्यतीत समाप्तीचा चौकड्यांचा झेंडा चुकून एक फेरी आधीच दाखविला गेला आणि ७० फेऱ्यांच्या शर्यतीचा निकाल ६८ फेऱ्यांवर लावावा लागला. मानवी चूक! उपाय म्हणून २०१९ च्या हंगामात झेंड्याऐवजी दिव्यांचा फलक हाच समाप्तीचा अधिकृत इशारा ठरविण्यात आला होता. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमधील सुझुका येथे तो फलक एक फेरी आधीच उजळला. ५३ फेऱ्यांचा निकाल ५२ वर लागला. गंमत अशी, की त्याच शर्यतीच्या आरंभी सेबास्टियन फेटेलची मोटार दिवे विझण्यापूर्वी किंचित हलली होती. पण ती यंत्राला आखून दिलेल्या सवलतीच्या मर्यादेत असल्याने त्याला शिक्षा झाली नाही. हजारो प्रेक्षकांनी मोटार हललेली पाहिली आणि यंत्राच्या लेखी ती हललीच नव्हती. चूक नाहीशी झाली नव्हती. तिने केवळ घर बदलले होते.

दोन चुकांतील भेद

चुका हा तर खेळाचा आत्मा आहे, त्या काढून टाकल्या तर खेळात उरते काय, असे काही रसिक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्यात दोन निरनिराळ्या चुकांची सरमिसळ झाली आहे. स्पर्धकाची चूक हा खेळ आहे. पंचाची चूक हा अन्याय आहे. चालक घाईने निघाला आणि हरला, तर त्यात कोणाचे काही लुबाडले गेले नाही. तोच तर सामना होता. परंतु पंचाच्या घाईमुळे तो हरला, तर त्याच्या श्रमाचे फळ दुसऱ्याने हिरावून घेतले.

ड्रॅग रेसिंगच्या नियमकर्त्यांना हा भेद उमगलेला दिसतो. त्यांनी पंचाच्या हातातील काम यंत्राकडे दिले. पण स्पर्धकाला तीच सवलत देताना ते सावध राहिले. काही हौशी गटांत ‘डिले बॉक्स’ नावाचे उपकरण चालते. चालक पहिला पिवळा दिवा दिसताच बटण सोडतो. उपकरण आधी ठरवून दिलेला वेळ थांबते आणि मग मोटार सोडते. शेवटच्या दिव्याचा अंदाज बांधण्याची कसोटी त्यामुळे टळते. अनेक गटांत मात्र ते निषिद्ध आहे आणि व्यावसायिक गटांत चाकांची पकड आपोआप सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनांनाही मज्जाव आहे. न्याय यंत्राने मोजावा, पण पराक्रम माणसाने करावा, ही त्यांची भूमिका. सोय म्हणून यंत्र आणताना आपण नेमके कोणाचे काम काढून घेत आहोत, हा प्रश्न त्यांनी विचारला.

शर्यतीबाहेर

हा प्रश्न शर्यतीच्या मैदानापुरता नाही. विद्यार्थ्याने उत्तराचे वर्तुळ नीट काळे केले नाही म्हणून यंत्र त्याची उत्तरपत्रिका बाजूला टाकते. बोटाचा ठसा उमटला नाही म्हणून कर्मचाऱ्याची हजेरी लागत नाही. खिडकीपलीकडील कारकून सहानुभूतीने म्हणतो, ‘‘संगणक घेत नाही, मी काय करू?’’ त्याचे म्हणणे खरे असते. कारण त्याच्या हातातून बटण काढून घेताना थांबविण्याचा अधिकारही काढून घेतलेला असतो. ज्याची चूक झाली तो सापडत नाही आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मागण्यास जागा राहत नाही.

म्हणून यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. झेंडेवाल्याच्या खांद्यापेक्षा दिव्यांचे झाड निःसंशय अधिक न्यायी आहे. परंतु यंत्र बसविणाऱ्यांकडे तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. यंत्र ज्या नियमाने चालते तो नियम सर्वांना आधी कळलेला असावा आणि तो बदलण्याची वाट मोकळी असावी. यंत्राने घेतलेल्या निर्णयाची नोंद ज्याला तो भोगावा लागतो त्याला पाहता यावी. आणि जे यंत्राला दिसत नाही ते पाहणारा एक माणूस, थांबविण्याच्या पूर्ण अधिकारासह, रेषेजवळ उभा असावा.

ताशी ५०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या खेळात, एका सहस्रांशाचा हिशेब ठेवणारी सारी साधने हाती असतानाही, हा शेवटचा माणूस अनावश्यक आहे असे कोणी ठरविले नाही. आपल्या शाळा, कचेऱ्या आणि परीक्षा-मंडळे यांचा कारभार त्याहून पुष्कळ संथ चालतो. तेथे तो माणूस ठेवण्यास वेळ नाही, ही सबब मान्य करता येणार नाही.